डोंगा उलटला तर

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. समुद्र पाहायचा तर मुंबईला जावे लागते. पण म्हणून आपल्याकडे खोल पाणी नाही, असे कोणी समजू नये.

आपल्या आजा-पणजांच्या वेळी नदी पावसाळ्यात भरायची आणि उन्हाळ्यात आटायची. पूर ओसरेपर्यंत थांबले की माणूस पायी पलीकडे जायचा. पुढे धरणे झाली. मोताळा तालुक्यात नळगंगेवर धरण झाले. मेहकर तालुक्यात पैनगंगेवर पेनटाकळीचे धरण झाले. देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा नदीवर धरण झाले. त्याच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. जिथे शेत होते, विहीर होती, बाभळी होत्या, तिथे आता पाणी आहे.

हे पाणी चांगले आहे. त्याने शेत भिजते, गावाला प्यायला मिळते. त्यात मासळी वाढते आणि मासळीवर कितीतरी घरांची चूल पेटते. पण पाणी आले की डोंगा आला. डोंगा आला की तो उलटण्याची भीतीही आली. भोई मंडळींची पाण्याशी जुनी ओळख आहे. बाकीच्यांची ओळख नवी आहे. म्हणून डोंगा उलटला तर काय करायचे, आणि उलटण्याच्या आधी कोणती तयारी करायची, ते आपण या पाठात पाहू.

तीन दुःखाच्या गोष्टी

आधी आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या तीन गोष्टी ऐका.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यात, वर्धा नदीत नाव उलटली. नात्यागोत्यातली माणसे एकत्र जमली होती आणि नावेतून निघाली होती. ११ जण बुडाले.

२३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेत डोंगा उलटला. पलीकडच्या शेतात मिरची तोडायला निघालेल्या ६ मजूर बाया गेल्या. तो पावसाळा नव्हता, पूरही नव्हता. तो रोजच्यासारखा कामाचा दिवस होता.

२१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कुगाव ते कळाशी अशी बोट चालली होती. संध्याकाळी वळवाचे वादळ उठले. बोट बुडाली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीचे ६ जण बुडाले. त्यात दोन लहान लेकरे होती.

या गोष्टी भीती घालायला सांगितल्या नाहीत. त्यांतून शिकायचे आहे. पाणी माणूस ओळखत नाही. ते फक्त तयारी ओळखते.

पोहता येते, मग जाकीट कशाला?

जाकिटाची गोष्ट काढली की कोणी ना कोणी म्हणतोच, "मले पोहता येते. मले कायले पाह्यजे जाकीट?"

पोहता येते ही चांगली गोष्ट आहे. पण डोंगा उलटतो तेव्हा माणूस लंगोट लावून, दम घेऊन पाण्यात उतरलेला नसतो. अंगात कपडे असतात. पायात जाळे अडकते. डोक्याला वल्हे लागते. नाकातोंडात पाणी जाते. थंडीचे दिवस असले तर गार पाण्याने छातीत धडकी भरते आणि श्वास आवरत नाही. अशा वेळी पहिली दोन मिनिटे तोंड पाण्यावर राहिले पाहिजे. ते काम जाकीट करते.

दुसरा म्हणतो, "उकडते त्यात." तिसरा म्हणतो, "इथल्या इथं तर जायाचं हाय." बाबांनो, उकडले तर घाम येतो, जीव जात नाही. आणि माणसे इथल्या इथेच बुडतात.

इंग्लंडात व्हिटबी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथले कोळी वादळात सापडलेल्या गलबतांवरची माणसे वाचवायला नाव घेऊन जात. ९ फेब्रुवारी १८६१ ला मोठे वादळ झाले. त्या दिवशी त्यांनी कितीतरी माणसे वाचवली. शेवटी त्यांचीच नाव उलटली. नावेत १३ जण होते. सगळे समुद्रावर काम करणारे. त्यांतला एकच वाचला. त्याचे नाव हेन्री फ्रीमन. त्या एकाच्याच अंगात नव्या तऱ्हेचे, बुचाच्या लाकडाचे जाकीट होते. बाकीच्या बारांचे पाण्याचे ज्ञान काही कमी नव्हते.

जाकीट कसे तारते?

ही विद्या आपल्याला अगदीच नवी नाही. आपल्याकडे पोरांना पोहायला शिकवताना कमरेला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. भोपळ्यांची सांगड करून माणसे नदी पार करीत. भोपळा का तरंगतो? आत हवा असते आणि पाणी आत शिरत नाही. जाकिटात हेच असते. त्याच्या आत हलका फोम भरलेला असतो. त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात.

एक साधा हिशोब लक्षात ठेवा. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. म्हणून ५ लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला डबा पाण्यात दाबला, तर पाणी त्याला सुमारे ५ किलोच्या जोराने वर ढकलते. माणसाचे अंग पाण्यात फार हलके होते. त्याला वर धरायला थोडाच आधार पुरतो. पोहणाऱ्याला ५ किलोचा आधार देणारे जाकीट चालते. न पोहणाऱ्याला निदान १० किलोचा आधार देणारे, तोंड वर ठेवणारे जाकीट पाहिजे.

जाकीट घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली, माप. जाकिटावर किती किलो वजनाच्या माणसासाठी ते आहे, हे आकड्यात लिहिलेले असते. आकडे तुम्हाला वाचता येतात. ते वाचा. मोठ्याचे जाकीट लेकराला घालू नका. लेकरू त्यातून खाली निसटते. लेकराच्या जाकिटाला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असावा.

दुसरी, घट्टपणा. जाकीट घाला, सगळे पट्टे लावा. मग दुसऱ्या कोणाला तरी ते खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकले तर ढिले आहे.

तिसरी, परीक्षा. काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात जाकीट घालून मागे रेला. सोबत कोणीतरी असू द्या. तोंड आणि नाक सहज पाण्याबाहेर राहिले पाहिजे.

चौथी, निगा. जाकिटावर बसू नका. ते उशाला घेऊ नका. सावलीत वाळवा. फाटले किंवा फोम चुरगळला तर ते बदला.

आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी. जाकीट काठावरच घाला. डोंग्यात ठेवलेले जाकीट म्हणजे खुंटीवर टांगलेली छत्री. पाऊस आल्यावर तिचा काय उपयोग?

डोंगाही बुडू नये

माणूस तरंगला, आता डोंग्याचे पाहू. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी बहुधा तरंगत राहतो. पत्र्याचा डोंगा मात्र पाणी भरले की दगडासारखा तळाला जातो. मग धरायला काहीच उरत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. समजा, पत्र्याचा डोंगा ६० किलो वजनाचा आहे. २० लिटरचे ३ रिकामे प्लास्टिकचे डबे घ्या. त्यांची बुचे घट्ट लावा. डोंग्याच्या दोन्ही टोकांना, बसायच्या फळीखाली, ते दोरीने घट्ट बांधून टाका. ३ डबे मिळून ६० लिटर झाले. म्हणजे जवळजवळ ६० किलोचा आधार झाला. आता डोंगा भरला तरी तळाला जाणार नाही. डोंगा जड असेल, तर डबे वाढवा. डबे नुसते ठेवू नका, बांधा. सुटे डबे वाहून जातात.

हीच युक्ती दूरच्या लोकांनी कशी वापरली, तेही ऐका. ग्रीनलंड नावाच्या बर्फाळ देशात इन्युइट लोक राहतात. ते एका माणसापुरती अरुंद नाव करीत. तिला कयाक म्हणतात. लाकडाच्या सांगाड्यावर सील नावाच्या समुद्री जनावराचे कातडे ताणून शिवायचे. अंगातला कातडी डगला नावेच्या तोंडाला असा घट्ट बांधायचा की आत थेंब जात नसे. नाव उलटली तर माणूस आतच बसून, वल्ह्याचा रेटा देऊन पुन्हा सरळ होई. ही कला ते लहानपणापासून शिकत. आज जगभर लोक हौसेने समुद्रात कयाक चालवतात. त्या कयाकच्या दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे असतात. वरच्या बाजूला धरायला दोर असतो. पाणी उपसायला पंप असतो. आणि नाव उलटवून पुन्हा आत चढण्याचा सराव केल्याशिवाय शहाणा माणूस खोल पाण्यात जात नाही.

आपला डोंगा म्हणजे कयाक नव्हे. पण बंद हवा, धरायला दोर, उपसायला भांडे आणि सराव, या चार गोष्टी आपल्यालाही लागू आहेत.

डोंग्यात काय काय असावे?

माणसे जितकी, तितकी जाकिटे.

दोन्ही टोकांना बांधलेले बंद डबे.

डोंग्याच्या काठाला बाहेरून ताणून बांधलेला दोर. उलटलेल्या डोंग्याची पाठ गुळगुळीत असते. दोर नसला तर हात निसटतो.

पाणी उपसायला एक डबा किंवा छोटी बादली. ती लांब दोरीने डोंग्याला बांधलेली असावी.

एक जादा वल्हे. कासऱ्याएवढा लांब दोर.

जाकिटाला बांधलेली शिट्टी. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

जाळे कापायला म्यानातला चाकू.

मोबाइल असेल तर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून.

आणि निघण्याआधी घरी किंवा काठावर कोणाला तरी सांगून जा. कुठे चाललो, कितीजण आहोत, किती वाजता परत येऊ. वैशाख-जेठात दुपारनंतर आभाळ काळे होऊ लागले, वारा एकदम पडला, की वळीव जवळ आला असे समजा. जाळे पाण्यात राहिले तरी राहू द्या. काठ गाठा. जाळे उद्या काढता येते.

उलटल्यावर पहिली दोन मिनिटे

आता समजा, सगळी काळजी घेऊनही डोंगा उलटला. काय करायचे?

आधी डोंगा धरा. दुसरे काही करू नका. तुम्ही डोंग्याखाली सापडला असाल तर घाबरू नका. पालथ्या डोंग्याखाली बहुधा थोडी हवा अडकलेली असते. श्वास घ्या, खाली बुडी मारा आणि बाजूने बाहेर या. आत थांबू नका.

मग माणसे मोजा. एकेकाने मोठ्याने आपले नाव सांगायचे. ज्याचा आवाज आला नाही, त्याला डोंग्याभोवती शोधा. लेकरे आणि न पोहणारे यांचे हात काठाच्या दोरावर धरवा.

काठाकडे पोहत निघू नका. पाण्यातून काठ जवळ दिसतो आणि असतो लांब. निम्म्या वाटेत दम संपतो. शिवाय शोधणाऱ्याला एकटे डोके दिसत नाही. डोंगा लांबून दिसतो. डोंगा तरंगतो आहे तोवर डोंगा सोडायचा नाही. तो वाहत धोक्याकडे, म्हणजे धरणाच्या सांडव्याकडे किंवा खडकावर चालला असेल, तर मात्र जाकिटाच्या भरवशावर त्याच्यापासून दूर व्हा आणि एकमेकांना धरून राहा.

डोंगा सरळ करणे

दोघेजण डोंग्याच्या एकाच बाजूला या. पालथ्या डोंग्याच्या पाठीवरून हात घालून पलीकडच्या काठाचा दोर धरा. पाय किंवा गुडघे आपल्या बाजूच्या काठावर टेकवा. आता दोघांनी एकदम मागे रेला. अंगाच्या भाराने डोंगा फिरतो. फिरताना काठ डोक्यावर येऊ शकतो, म्हणून एक हात डोक्यापुढे ठेवा. वारा असेल तर लाट आणि वारा तो पुन्हा पालथा करू शकतात.  म्हणून वाऱ्याचा अंदाज घेऊनच ओढा, आणि एकदा जमले नाही तर बाजू बदलून पाहा.

डोंगा सरळ झाला तरी आत पाणी असते. लगेच चढू नका. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन. ते इकडून तिकडे हिंदकळते आणि डोंगा पुन्हा पालथा होतो. एकाने टोक धरून डोंगा स्थिर ठेवावा. दुसऱ्याने बाहेरूनच डब्याने पाणी उपसावे. सगळे निघाले नाही तरी चालेल. काठ पाण्याच्या चांगला वर आला की पुरे.

पुन्हा आत चढणे

इथेच पुष्कळ जण फसतात. सगळे एका बाजूने लोंबकळतात आणि डोंगा पुन्हा उलटतो. म्हणून चढायची रीत लक्षात ठेवा.

एका वेळी एकानेच चढायचे. बाजूने नव्हे, टोकाकडून चढायचे. बाजूने चढणे भागच असेल, तर दुसऱ्याने समोरच्या बाजूला काठ धरून आपला भार द्यावा. तराजूचे दोन्ही पारडे सारखे राहिले पाहिजे.

चढताना पाय खाली लोंबत ठेवू नका. दोन्ही हातांनी काठ धरा आणि पाय मागे जोरात मारा. अंग पाण्यावर आडवे झाले पाहिजे. मग एका झटक्यात छाती आत ओढा. पोटावर पडून आत सरका. म्हशीची रेडकू पाण्यातून काठावर येते तसे. उभे राहू नका. आत आल्यावर तळाशी, मधोमध बसा. आधी अंगात ताकद असलेल्याने चढावे. मग त्याने आतून बाकीच्यांना ओढून घ्यावे.

हातात जोर नसेल तर दोराची पायरी करा. घोड्यावर चढताना पाय ठेवतात ती रिकीब तुम्ही पाहिली असेल. तसा दोराचा मोठा फास डोंग्याच्या टोकाला बांधून पाण्यात सोडा. त्यात पाय ठेवून वर या. फास मोठा असावा, म्हणजे पाय अडकून बसणार नाही. ही पायरी काठावर असतानाच बांधून ठेवलेली बरी. पाण्यात गाठी मारायला बोटे चालत नाहीत.

काहीच जमले नाही, तरी हरकत नाही. पालथ्या डोंग्यावर छातीने चढून पडा. जितके अंग पाण्याबाहेर, तितकी ऊब टिकते. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा फार लवकर ओढून घेते. एकमेकांना चिकटून राहा. तीन तीन वेळा शिट्टी वाजवा. शेला किंवा पदर वर धरून हलवा. मदत येईपर्यंत डोंगा सोडू नका.

मदत करणाऱ्याने काय करावे?

कोणी बुडताना दिसले की आपला जीव तुटतो आणि आपण उडी मारतो. थांबा. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. आधी काहीतरी फेका. दोर, बूच लावलेला रिकामा डबा, फुगवलेली ट्यूब, दोन लुगडी एकमेकांना बांधून केलेला दोर. बांबू पुढे करा. दुसरा डोंगा घेऊन गेलात तर इंजिन आधी बंद करा आणि माणसांना टोकाकडून एकेक करून घ्या.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका. पोट दाबू नका. गरगर फिरवू नका. १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर त्याचे नाक धरून तोंडाने तोंडात श्वास द्या आणि छातीच्या मधोमध जोराने, भराभर दाबा. ३० वेळा दाबले की २ श्वास. मदत येईपर्यंत हे चालू ठेवा. ही रीत आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष पाहून शिकून घ्या. आणि माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. छातीत गेलेले पाणी पुढे काही तासांनीही त्रास देते.

एकदा मुद्दाम उलटवा

वाचून पोहता येत नाही, तसे वाचून डोंग्यातही चढता येत नाही. म्हणून एक दिवस ठरवा. वारा नसलेली सकाळ पाहा. मच्छीमार संस्थेची मंडळी, बाया, तरणी पोरे, सगळी काठावर जमा. सर्वांनी जाकिटे घाला. छातीइतक्या पाण्यात डोंगा न्या आणि मुद्दाम उलटवा. सरळ करा. उपसा. टोकाकडून चढा. पहिल्यांदा फजिती होईल, लोक हसतील. हसू द्या. काठाजवळ झालेली फजिती खोल पाण्यात जीव वाचवते.

आणि शेवटी एक काम तुमच्या नव्या विद्येचे आहे. तुम्ही आता लिहायला शिकलात. थोडा रंग आणि कुंचला घ्या. आपल्या डोंग्यात किती माणसे सुखाने बसतात ते म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, जाणत्यांना विचारा. मग डोंग्याच्या बाहेरून, लांबून दिसेल असे मोठ्या अक्षरात लिहा: "माणसे ४". पाचवा माणूस आला तर त्याला तो आकडा दाखवा. तो गावचा पाटील असो की घरचा जावई असो. तो म्हणेल, "एकाने काय होते?" त्याला सांगा, "दादा, रागावू नका. पुढच्या खेपेला तुम्हालाच आधी नेतो."